दुधाळ पाण्याचा हिशेब कोणाच्या खाती?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्यात उन्हाळ्यातल्या शुक्रवारी पहिल्या पाळीला जो कोणी शिरेल, त्याला यंत्रांच्या आवाजाआधी एक वास भेटतो. कुजलेल्या अंड्यासारखा हा वास असतो. इंग्लंड-अमेरिकेतील यंत्रशाळांत यालाच सोमवार सकाळचा वास म्हणतात, कारण तेथे यंत्रे शनिवार-रविवार थांबलेली असतात. आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुटी गुरुवारची, म्हणून आपला वास शुक्रवारचा. यंत्रे सुरू होतात, टाकीतला द्रव पुन्हा फिरू लागतो, दारे उघडली जातात आणि तासाभरात नाकाला सवय होऊन जाते. सवय झाली की प्रश्न संपला, असे आपण समजतो.

अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने यंत्रशाळेतील वासावर लिहावे हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु पिंपरी, चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात ज्या एका द्रवावाचून बहुतेक यंत्रे चालत नाहीत, त्या द्रवाची स्वच्छता, त्याचा पुनर्वापर आणि अखेरीस त्याची विल्हेवाट हा केवळ अभियंत्यांचा विषय उरलेला नाही. तो खर्च कोणी उचलावयाचा, हा प्रश्न आहे. आणि असा प्रश्न जेथे येतो तेथे अर्थशास्त्राला तोंड फिरवून बसता येत नाही.

लेथवर, मिलिंगवर किंवा हल्लीच्या सीएनसी यंत्रावर पोलाद कातले जात असताना हत्यार आणि धातू यांच्या घर्षणाने प्रचंड उष्णता निर्माण होते. तेथे सतत एका दुधाळ द्रवाची धार सोडलेली असते. कामगार त्याला कूलंट म्हणतात. त्यात शंभरातले नव्वद-पंच्याण्णव भाग पाणी असते. उरलेल्या भागात तेल, ते तेल पाण्यात धरून ठेवणारी साबणासारखी द्रव्ये, गंज रोखणारी रसायने आणि जंतुनाशके. ज्या फ्रेडरिक टेलरने कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या, त्यानेच १८८० च्या दशकात मिडव्हेलच्या पोलाद कारखान्यात प्रयोग करून दाखविले होते, की कातण्याच्या जागी पाण्याची मोठी धार सोडली तर कातण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढविता येतो. म्हणजे कूलंटचा जन्मच मुळी वेळेच्या हिशेबातून झाला. वाचलेली मिनिटे मालकाच्या खाती जमा झाली. घाण झालेले पाणी कोणाच्या खाती टाकावयाचे, हे मात्र टेलरने मोजले नाही आणि त्याच्यानंतरच्यांनाही त्याची फारशी निकड वाटली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हत्याराची धार झिजते तसे कूलंट झिजत नाही. ते घाण होते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण झिजलेली वस्तू टाकावीच लागते, पण घाण झालेली वस्तू धुता येते. कूलंट घाण होते ते तीन वाटांनी. यंत्राच्या सरकपट्ट्यांना घातलेले आणि हायड्रॉलिक नळ्यांतून झिरपलेले परके तेल टाकीत येऊन पडते आणि दुधावर साय यावी तसे वर पसरते. त्या सायीखाली हवा पोहोचत नाही. मग हवेवाचून जगणारे जीवाणू तेथे माजतात आणि पाण्यातील सल्फेटांपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. शुक्रवारचा वास तो हाच. दुसरी वाट म्हणजे कातताना निघणारा धातूचा बारीक भुगा. तो तळाशी साचतो आणि जीवाणूंना घर मिळते. तिसरी वाट पाण्याची. उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून जाते, कामगार अंदाजाने बादलीभर कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी ओततो, पाणी उडते पण त्यातले क्षार उडत नाहीत. ते साठत साठत एक दिवस असा येतो की तेल आणि पाणी एकमेकांचा हात सोडतात. दूध नासते त्याहून हे फार वेगळे नाही.

यावरचे उपायही गुप्त नाहीत. वर तरंगणारे तेल ओढून घेणारा पट्टा किंवा चकती असते. भुगा पकडणारे लोहचुंबक असते, कागदी गाळणी असते, जड-हलके वेगळे करणारे अपकेंद्री यंत्र असते. काचेवर एक थेंब टाकून डोळ्याला लावावयाची वीतभर लांबीची नळी असते. तिच्यातून पाण्यात तेलाचे प्रमाण किती उरले ते आकड्यात दिसते. क्षार काढलेले पाणी वापरले, आठवड्यातून एकदा आम्लता-अल्कता तपासली, दोन यंत्रांचे कूलंट ढकलगाडीवरच्या यंत्रातून फिरवून घेतले, तर जे द्रव काही आठवड्यांत फेकून द्यावे लागते ते वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ टिकते. जर्मनीत कूलंटची दर आठवड्याला तपासणी करून तिची नोंद ठेवण्याचा नियम आहे. चाकणच्या मोठ्या मोटार कारखान्यांत तर एका मध्यवर्ती टाकीतून अनेक यंत्रांना कूलंट पुरवून ते सतत गाळण्याची व्यवस्था असते. तेव्हा ज्ञान नाही, यंत्र नाही, असे म्हणावयास जागा नाही. मग शुक्रवारचा वास का जात नाही?

हे समजून घेण्यासाठी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेडमध्ये जाऊन बसलो. पदवी घेऊन त्याने नोकरी केली, ती सोडून चार सीएनसी यंत्रे कर्जाने घेतली, आज तो एका मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराला सुटे भाग कातून देतो. म्हणजे तो मोठ्या कंपनीचा पुरवठादार नव्हे, तर पुरवठादाराचा पुरवठादार. त्याने मला दर कसा ठरतो ते कागदावर मांडून दाखविले. यंत्राच्या तासाचा दर असतो. त्यात वीज येते, हत्यार येते, माणूस येतो, यंत्राचा घसारा आणि व्याज येते. “सर, नवे कूलंट ‘इतर’ या रकान्यात बसते,” तो म्हणाला, “टाकून द्यायचे कूलंट कुठल्याच रकान्यात बसत नाही.” पुढच्या पानावर एक अट होती. दरवर्षी उत्पादकता वाढेल असे गृहीत धरून दर काही टक्क्यांनी खाली आणण्याची ती अट होती. महागाई वर जाते आणि दर खाली येतो, या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते तिच्यात त्याचा नफा आहे आणि तिच्यातूनच कूलंटची स्वच्छता व्हावयाची आहे. ती होत नाही, यात आश्चर्य ते काय? (त्याच्या कागदावर त्याची स्वतःची मजुरीही कोठे धरलेली नव्हती. ते मी त्याला दाखविले तेव्हा तो नुसता हसला.)

आता थोडा ढोबळ हिशेब करू. समजा, एका यंत्राची टाकी २०० लिटरची आहे आणि कूलंट दर तीन महिन्यांनी बदलले जाते. चार यंत्रांचे वर्षाला ३,२०० लिटर घाण कूलंट झाले. त्यात तेलाचे प्रमाण पाच टक्के धरले तर लिटरमागे सुमारे ५०,००० मिलिग्रॅम तेल. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, सार्वजनिक गटारात २० मिलिग्रॅमहून अधिक नको. याचा अर्थ असा, की या द्रवाचा एक लिटर ओढ्यात ओतला तर तो मर्यादेत आणण्यासाठी पाच हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. चार यंत्रांच्या एका शेडच्या वर्षभराच्या कूलंटला १ कोटी ६० लाख लिटर. एवढे पाणी पवनेत उन्हाळ्यात धरणातून सोडल्याशिवाय वाहत नाही. आणि त्या पाण्यावरून मावळात काय घडले ते ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ बंदनळ योजनेविरुद्धच्या आंदोलनात गोळीबाराला बळी पडलेल्या तीन शेतकऱ्यांच्या गावांना विचारावे.

परंतु हाच हिशेब उलट्या बाजूने पाहिला तर चित्र पालटते. अशा हजार शेड धरल्या तर वर्षाचे ३२ लाख लिटर होतात. दहा हजार लिटरच्या टँकरचे वर्षाला ३२० फेरे, म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण एक टँकर. आणि कूलंट स्वच्छ राखून तिमाहीऐवजी वर्षातून एकदाच बदलले, तर आठवड्याला दीड टँकर. ज्या महानगरात पिण्याच्या पाण्याचे टँकर गल्लोगल्ली धावतात, तेथे आठवड्याला दीड टँकर घाण पाणी गोळा करून शुद्ध करणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. प्रश्न अवघड होतो तो केवळ यासाठी, की हजार जणांनी तो हजार ठिकाणी एकेकट्याने सोडवावा अशी आपली अपेक्षा आहे.

कायद्याने हीच अपेक्षा पक्की केली आहे. कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, १९६९ मध्येच जलप्रदूषणाचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. १९७४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला, १९८९ मध्ये धोकादायक कचऱ्याचे नियम आले, ते बदलत बदलत २०१६ चे नियम झाले. या नियमांप्रमाणे वापरलेले तेल आणि तेलकट अवशेष धोकादायक कचऱ्यात मोडतात. तो कचरा निर्माण करणाराने मंडळाचे अधिकारपत्र घ्यावे, तो नव्वद दिवसांहून अधिक साठवू नये, आणि अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच नोंदीनिशी पाठवावा. लहान उत्पादकाला मुदत वाढवून मिळण्याची सोय आहे, पण तीही मागून घ्यावी लागते. नियमात खोट काढण्यासारखे काही नाही. मात्र माझ्या विद्यार्थ्याच्या शेडमध्ये नव्वद दिवसांत ८०० लिटर म्हणजे चार पिंपे भरतात. शिरूर तालुक्यात रांजणगावला प्रक्रियेची मोठी सामुदायिक सोय आहे; परंतु चार पिंपांसाठी तेथून गाडी बोलवावयाची तर भाड्याचाच खर्च त्या कूलंटच्या मूळ किमतीच्या तोंडात मारील. शेजारच्या शेडची चार आणि पलीकडच्याची चार अशी बारा पिंपे एकत्र केली तर परवडेल, पण एकाचा कचरा दुसऱ्याने साठवावयाचा म्हटले की पुन्हा अधिकारपत्राचा प्रश्न. एकेकट्याला परवडत नाही आणि एकत्र येण्याला परवानगी लागते, अशी ही कोंडी आहे. अशा कोंडीतून पावसाळ्याच्या रात्री पिंप कोठे उलटे होते, हे सांगावयास निरीक्षकाची गरज नाही.

वर तरंगणारे तेल मात्र वाया जात नाही. ते भंगारवाला नेतो. ते भट्टीत जळते, इमारतीच्या स्लॅबखालच्या फळ्यांना चोपडले जाते. ओल्या बरीतून, म्हणजे कातलेल्या लोखंडाच्या कचऱ्यातून, ट्रकभर वाटेने दुधाळ पाणी गळत जाते. हीच बर आधी पिळून घेतली तर कूलंटही परत मिळते आणि कोरड्या बरीला भावही चांगला येतो. पण पिळण्याचे यंत्र चार यंत्रांच्या मालकाला कोठून परवडणार? चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची हजारो गोदामे अशाच मालावर उभी राहिली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने ती जमीनदोस्त केली. अतिक्रमणाचा प्रश्न वेगळा ठेवू. परंतु गोदामे पाडली म्हणून त्या भंगाराचा उगम थांबला असे नाही. दुकान उठले, माल निर्माण होतच आहे.

या ठिकाणी आपण मूळ मुद्द्याशी येतो. पिगूने १९२० मध्ये खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील अंतर दाखविले. कॅपने १९५० मध्ये त्याहून पुढे जाऊन सांगितले, की खाजगी उद्योग आपल्या खर्चाचा काही भाग समाजाच्या माथी मारतो, आणि हा अपघात नसून त्या व्यवस्थेची रीतच आहे. पिंपरी-चिंचवडचा अनुभव पाहता या मांडणीत मला एक भर घालावीशी वाटते. खर्च थेट नदीवर पडत नाही. तो उतरंडीने खाली येतो. वरच्या मडक्यातली मोठी कंपनी आज खरोखर स्वच्छ असते. तिचे शुद्धीकरण केंद्र असते, बगिचा असतो, सांडपाण्याचा थेंब कुंपणाबाहेर जात नाही असा फलक असतो, आणि तो फलक बहुधा खोटाही नसतो. मात्र तिच्या गाडीतले कितीतरी भाग तिच्या आवारात कातलेच जात नाहीत. ते पहिल्या पुरवठादाराकडे जातात, तेथून दुसऱ्याकडे, तेथून भोसरीतल्या वा तळवड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. काम खाली गेले तसे कूलंट खाली गेले. दर ठरविण्याची ताकद मात्र वरच राहिली. नदी ही या उतरंडीतले सर्वांत तळाचे मडके आहे, कारण तिला दर नाकारता येत नाही.

हे नेहमीच असे नव्हते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, साठीच्या दशकात टेल्को आणि बजाज आले. त्या पिढीच्या कारखान्यात खिळ्यापासून गाडीपर्यंत पुष्कळसे काम एकाच छपराखाली होत असे. त्यात दोष होते, मक्तेदारी होती, कामगारांचे लढे झाले ते उगाच नव्हे. पण ज्या छपराखाली नफा होई त्याच छपराखाली घाणही होई, आणि दोहोंसाठी एकच मालक जबाबदार धरता येई. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, एके काळी कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव मोटारींचे झाले, तोवर उत्पादनाची घडीच बदलली होती.

या उतरंडीच्या तळाशी नदीआधी आणखी एक जण आहे, तो म्हणजे टाकी साफ करणारा माणूस. सुटीच्या दिवशी, यंत्रे थांबलेली असताना, बिहार-उत्तर प्रदेशातून किंवा मराठवाड्यातून आलेला एखादा पोरगा ठेकेदारामार्फत येतो आणि टाकीतला काळा गाळ हाताने, घमेल्याने उपसतो. हातमोजे असले तरी तेलाने निसटतात म्हणून तो ते काढून ठेवतो. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या हातांना खाज, चिरा, पुरळ ही इतकी नित्याची बाब आहे की तिला कोणी आजार म्हणत नाही; घरी गेल्यावर बायको खोबरेल तेल लावते, तेवढाच औषधोपचार. शुद्ध न केलेली खनिज तेले कर्करोगकारक आहेत, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या श्रेणीत नोंदविले आहे. लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कामगारांनी शंभर वर्षांपूर्वी ती किंमत मोजली. आजची तेले अधिक शुद्ध असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु वेगाने फिरणाऱ्या हत्यारावर आपटून उडणारा तुषार फुफ्फुसात जातो, आणि कूलंट जितके घाण तितके त्या तुषारात जीवाणूंचे अंश अधिक. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये या तुषाराची मर्यादा घनमीटर हवेत ०.४ मिलिग्रॅम सुचविली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग नोंदवावयाच्या आजारांत होता. त्या कायद्याच्या जागी आलेली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे, आणि तिने कारखान्याची व्याख्याच वर सरकविली. विजेवर चालणाऱ्या जागी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. माझ्या विद्यार्थ्याकडे दोन पाळ्या मिळून अकरा माणसे आहेत. त्याची शेड या नव्या व्याख्येने कारखाना राहिलेलीच नाही. पण तेथला तुषार मात्र तसाच आहे.

इंद्रायणीच्या फेसाचा उल्लेख येथे होणे अपरिहार्य आहे, आणि तो जपून केला पाहिजे. आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगताना आपण अलीकडच्या वर्षांत वारंवार पाहिला. वारकरी त्याच पाण्यात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि पालखी पुढे गेली की विषयही पुढे जातो. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तिच्यात महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते आणि त्यांत पवना व इंद्रायणी दोन्ही होत्या. परंतु हा सारा फेस यंत्रशाळांचा आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. शुद्ध न करता सोडलेले घरगुती सांडपाणी आणि त्यातला साबण यांचा वाटा मोठा आहे. तुमच्या-माझ्या घरातून निघणाऱ्या पाण्याचा दोष चार यंत्रांच्या मालकावर ढकलून मोकळे होणे हा मध्यमवर्गीय सोयीस्करपणा झाला. मात्र कूलंटमध्येही तेल पाण्यात धरून ठेवणारी साबणवर्गी द्रव्ये असतात, आणि जीवाणूंना मारणारी औषधेही असतात. नगरपालिकेच्या शुद्धीकरण केंद्रात ज्या जीवाणूंच्या बळावर मैला शुद्ध होतो, त्यांच्यावरच हे औषध जाऊन पडते. प्रमाणाने थोडे असूनही ते उपद्रव अधिक करते, तो असा.

मग करावयाचे काय? ‘कडक कारवाई’ या शब्दाने आपल्याकडे प्रत्येक चर्चा संपते. कडक कारवाई झाली तर चार यंत्रांची शेड बंद पडेल, काम आणखी खालच्या मडक्यात, एखाद्या गोठ्यात नाही तर खेड-शिरूरच्या शेतातल्या पत्र्याखाली जाईल. तेथे निरीक्षकही पोहोचणार नाही.

मला वाटते, उत्तर आपल्या जिल्ह्यानेच पूर्वी शोधून ठेवलेले आहे. एका शेतकऱ्याचे चार लिटर दूध मुंबईला पोहोचविणे कधीच परवडणारे नव्हते. म्हणून गावोगाव संकलन केंद्रे निघाली. प्रत्येकाचे दूध वेगळे मोजले जाते, फॅट तपासून नोंदले जाते, मग एकाच टँकरमध्ये ओतले जाते आणि शीतकरणाचे, शुद्धीकरणाचे भारी भांडवल संघाचे असते. कात्रजचा दूध संघ याच रीतीने उभा राहिला. भोसरीच्या दुधाळ पाण्याला हीच रीत उलट दिशेने का लावू नये? गल्लीगल्लीने ठरलेल्या वारी गाडी यावी. गाडीवरच तेल ओढणारे आणि गाळणारे यंत्र असावे. जे कूलंट धुऊन चालण्याजोगे असेल ते तेथल्या तेथे धुऊन टाकीत परत जावे. जे मेले असेल तेवढेच टँकरमध्ये जावे. वीतभर नळीने प्रत्येक यंत्राचा आकडा घेऊन वहीत लिहावा. केंद्रावर तेल वेगळे करावे, ते अधिकृत पुनर्शुद्धीकरणाला विकावे, आणि राहिलेल्या पाण्यावर पुढची प्रक्रिया करावी; कारण तेल काढले तरी विरघळलेली द्रव्ये पाण्यात उरतात आणि ते पाणी तसेच सोडता येत नाही. बर पिळण्याचे यंत्रही केंद्राचे असावे. आणि टाकी उपसणारा पोरगा ठेकेदाराचा न राहता या संस्थेचा सभासद असावा. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची पंचायत १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली तेव्हाही हे अशक्यच म्हटले गेले होते.

सहकाराचे नाव काढताच आज लोक नाक मुरडतात, आणि साखर कारखान्यांचे जे झाले ते पाहता त्यांना दोष देता येत नाही. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला जे उभारले त्याचे पुढे ठिकठिकाणी संस्थान झाले, हे खरे आहे. परंतु साखरेत लूट करण्याजोगी साखर असते. घाण कूलंटच्या संस्थेचा अध्यक्ष होण्यासाठी कोणी मोटारींचा ताफा घेऊन येईल, अशी मला भीती वाटत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तेथे सहकार एकटा पुरणार नाही. दूध संघ चालतो कारण दुधाला गिऱ्हाईक आहे. येथे गिऱ्हाईक म्हणजे वरची कंपनी, आणि तिने दर दिला पाहिजे. यंत्राच्या तासाच्या दरपत्रकात कूलंटच्या निगेचा आणि विल्हेवाटीचा स्वतंत्र रकाना असावा. तो वार्षिक दरकपातीतून वगळलेला असावा. आणि केंद्राची पावती दाखविली तरच तो अदा व्हावा. हे काही स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत आपल्या काही कारखान्यांत रसायने विकणाऱ्यांना लिटरवर पैसे देणे थांबवून तयार झालेल्या गाडीमागे पैसे देण्यास सुरुवात केली. तोवर जितके कूलंट वाया जाई तितका विक्रेत्याचा फायदा होता. त्यानंतर जितके टिके तितका. स्वार्थाची दिशा फिरली की पुष्कळ उपदेश वाचतात. आपल्याकडेही वापरलेल्या तेलाची जबाबदारी तेल विकणाऱ्यांवर टाकणारी दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. कूलंटचे घट्ट तेल विकणाऱ्यालाही त्याच न्यायाने या केंद्राच्या खर्चात वाटेकरी करता येईल.

शासनाने करावयाचे ते थोडेच आहे. औद्योगिक विकास महामंडळाने एक भूखंड द्यावा. चिंचवडला ऑटो क्लस्टर उभे करताना सार्वजनिक संस्था आणि उद्योजक एकत्र आलेच होते. लघुउद्योगांच्या सामायिक सुविधांसाठी केंद्राचा समूह विकास कार्यक्रम आहे, त्यातून यंत्रसामग्री मिळावी. प्रदूषण मंडळाने हजार शेडना हजार अधिकारपत्रे देण्याऐवजी संस्थेला एक द्यावे आणि सभासदांना तिच्या छत्राखाली घ्यावे. कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतींत सामुदायिक शुद्धीकरण केंद्रे झाली. पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी वसाहतीत मात्र त्याची चर्चाच दीर्घकाळ होत राहिली, बहुधा येथले पाणी रंगीत नसून पांढरे आहे म्हणून.

कोणी म्हणेल, विजेच्या गाड्या येत आहेत, इंजिनच गेले तर कातावयाचे किती उरेल? काही कमी होईल हे खरे. परंतु मोटारीचे दंडगोल, दातेरी चक्रे, ब्रेकचे भाग कातावे लागतीलच. आणि थेंबभर तेलाच्या फवाऱ्यावर किंवा कोरडे कातण्याचे तंत्र निघाले आहे ते सर्व धातूंना आणि सर्व कामांना अजून चालत नाही. वाट पाहण्याचे हे कारण होऊ शकत नाही.

परतताना विद्यार्थ्याने मला शेडच्या मागे नेले. भिंतीलगत चार निळी पिंपे झाकण लावून उभी होती. त्याने प्रत्येकावर खडूने तारीख लिहून ठेवली होती. सर्वांत जुन्या पिंपाला त्या दिवशी एक्क्याऐंशी दिवस झाले होते. शेजारच्या शेडमध्ये तीन आहेत आणि समोरच्या दोघांकडे मिळून पाच, असे त्याने बोट दाखवून सांगितले. येत्या गुरुवारी सुटीच्या दिवशी चौघांनी बसावे आणि निदान एका टँकरचे भाडे वाटून घेण्यापासून सुरुवात करावी, असे त्यांच्यात बोलणे झाले आहे. अर्ज कोणाच्या नावाने करावयाचा, एवढेच ठरलेले नाही. त्या बैठकीला येण्याचे मी कबूल केले आहे.